एकाच रंध्रातून दोन वायू

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, ऱ्हाइनलँडर गावाजवळ, १९९७ साली रोपांची एक वेगळीच लागवड झाली. जुन्या शेतजमिनीवर ३० मीटर व्यासाची बारा वर्तुळे आखली, प्रत्येकाच्या कडेने उभ्या नळ्या रोवल्या आणि आत मीटर-मीटर अंतरावर तीन जातींची रोपे लावली : अ‍ॅस्पेन, बर्च आणि मेपल. पुढच्या वर्षापासून, झाडांवर पाने असण्याच्या महिन्यांत, दिवसाउजेडी या नळ्यांतून वायू सोडला जाऊ लागला. तीन वर्तुळांत जादा कार्बन डायऑक्साइड, तीन वर्तुळांत जादा ओझोन, तीन वर्तुळांत दोन्ही आणि उरलेल्या तीन वर्तुळांत साधी हवा. वर छप्पर नाही, भोवती काच नाही. वारा, पाऊस, बर्फ, किडे, बुरशी यांना मुक्तद्वार होते. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाचे डेव्हिड कार्नोस्की यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रयोग ‘अ‍ॅस्पेन-फेस’ या नावाने ओळखला जातो. तो दहा वर्षांहून अधिक काळ चालला, आणि झाडे कापून, वजने करून, मुळे खणून २००९ मध्ये संपला.

एवढा खटाटोप करण्यामागे एक साधा प्रश्न होता. कार्बन डायऑक्साइड हे झाडांचे अन्न. मग हवेत ते वाढले तर जंगले फोफावतील आणि आपण सोडलेला कार्बन आपणहून पोटात घेतील, हे खरे का? हे विधान आजही सभांमधून, लेखांमधून ऐकू येते आणि त्यात तथ्य आहेच. पण ज्या धुराड्यांतून आणि गाड्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याच धुरातून जमिनीलगतच्या ओझोनचा कच्चा मालही बाहेर पडतो. झाडाच्या वाट्याला हे दोन्ही वायू एकत्र येतात आणि आत शिरतात तेही एकाच दारातून. म्हणून आधी ते दार पाहू.

पानाच्या, बहुतेक झाडांत खालच्या, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य पर्णरंध्रे असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना एकेक रक्षकपेशी असते. त्या पाण्याने टरारल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते. रंध्र उघडले की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. झाडाचे सारे आयुष्य या देवघेवीत जाते : कार्बन हवा असेल तर पाणी गमवावे लागते, पाणी वाचवायचे तर उपाशी राहावे लागते. आत आलेला कार्बन डायऑक्साइड रुबिस्को नावाचे विकर पकडते आणि त्याची साखर होण्याची वाट सुरू होते. रुबिस्कोची एक खोड आहे. ते कार्बन डायऑक्साइडऐवजी पुष्कळदा ऑक्सिजनलाच धरते. अशा वेळी साखर तर बनत नाहीच, उलट आधी बांधलेला थोडा कार्बन परत हवेत जातो. आपली जंगले ज्या झाडांची बनलेली आहेत ती जवळजवळ सगळी या खोडीचा भुर्दंड रोज भरतात.

आता हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की काय होते ते उघड आहे. रुबिस्कोभोवती त्याची गर्दी वाढते, ऑक्सिजन मागे पडतो, भुर्दंड कमी होतो. शिवाय थोड्या उघड्या रंध्रांतूनही पुरेसा कार्बन मिळतो, म्हणून रंध्रे अर्धवट मिटतात आणि पाणी वाचते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५च्या आसपास होते, आज ४२०च्या पुढे गेले आहेत. अ‍ॅस्पेन-फेसमधल्या वर्तुळांत ते ५६० ठेवले होते. या शतकाच्या मध्यावर कुठे पोहोचू, याचा तो त्या वेळचा अंदाज होता.

ओझोनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. आकाशात उंचावर, पंधरा ते पस्तीस किलोमीटरच्या पट्ट्यात, ओझोन अतिनील किरण अडवतो आणि आपले रक्षण करतो. रेणू तोच, पण जमिनीलगत तो विषारी ठरतो. इथला ओझोन कोणत्याही नळकांड्यातून थेट बाहेर पडत नाही, तो हवेतच तयार होतो. गाड्या, वीजकेंद्रे, भट्ट्या यांच्या ज्वलनातून नायट्रोजन डायऑक्साइड येतो. ऊन त्याचा रेणू फोडते, सुटलेला ऑक्सिजनचा एक अणू हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि तीन अणूंचा ओझोन होतो. मागे राहिलेला नायट्रिक ऑक्साइड हाच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. एवढेच घडत राहिले असते तर हिशेब जवळपास शून्यावर राहिला असता. पण हवेत पेट्रोलची वाफ, रंगांतले आणि द्रावकांतले बाष्पशील पदार्थ, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड असे काही असले की नायट्रिक ऑक्साइडला परत वळण्यासाठी ओझोन खाण्याची गरज उरत नाही. ओझोन साचत जातो. या बाष्पशील पदार्थांत झाडांनी स्वतः सोडलेला आयसोप्रीनही असतो. उन्हाच्या तापापासून पान वाचवण्यासाठी अ‍ॅस्पेनसारखी झाडे तो भरपूर सोडतात. धुराच्या हवेत हेच त्यांच्याविरुद्ध जाते.

या रसायनशास्त्रातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. वाहनांच्या गर्दीत, भर चौकात, ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो. तीच हवा वाऱ्यावर शहराबाहेर गेली, वाटेत तिला ऊन लागले, की ओझोन चढत जातो. म्हणजे धूर शहराचा आणि ओझोन बऱ्याचदा गावाच्या, डोंगराच्या, रानाच्या वाट्याला. हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनो पर्वत आहे. समुद्रावरचा वारा शहराची हवा रोज तिकडे ढकलतो. १९५०च्या दशकात तिथल्या पाँडेरोसा पाइनच्या सुया पिवळ्या पडून वेळेआधी गळू लागल्या. त्याच दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-श्मिट यांनी शहरातल्या धुरक्याचे रसायन उलगडले होते : वाहनांचा व तेलकारखान्यांचा धूर, वर ऊन, आणि त्यातून ओझोन. १९६०च्या दशकात पॉल मिलर आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या रोगाशी या ओझोनचा संबंध जोडला. बरीच झाडे थेट ओझोनने मेली नाहीत. ती दुबळी झाली आणि सालीखाली शिरणाऱ्या भुंगेऱ्यांनी त्यांचा शेवट केला. जंगलात हे नेहमी लक्षात ठेवावे लागते. मृत्यूच्या दाखल्यावर भुंगेरा दिसतो, हवा दिसत नाही.

पानाच्या आत ओझोन काय करतो? रंध्रातून शिरल्यावर पेशींभोवतीच्या ओलाव्यात तो विरघळतो आणि हाती लागेल त्याच्याशी अभिक्रिया करतो. त्यातून आक्रमक ऑक्सिजन-रेणू तयार होतात. पेशींची पातळ आवरणे ही त्यांचे पहिले लक्ष्य. पान गप्प बसत नाही. पेशींच्या भिंतींपाशी क जीवनसत्त्वाचा साठा असतो, तो हे हल्ले झेलतो. पण तो साठा पुन्हा पुन्हा भरावा लागतो, फाटलेली आवरणे दुरुस्त करावी लागतात, आणि हे सगळे साखर खर्चून. दुरुस्ती वाढते तशी रुबिस्कोची निर्मिती घटते, हरितद्रव्य लवकर मोडते, पान वेळेआधी म्हातारे होते. पानाच्या वरच्या बाजूला शिरांच्या मधल्या जागेत बारीक गडद ठिपके दिसू लागतात. कमी झालेल्या कमाईत पान आणि खोड आपला वाटा आधी राखून ठेवतात, मुळांकडे सर्वांत शेवटी पाठवतात. मुळे खंगतात आणि वरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

मला यात सर्वांत विषादाची वाटते ती ही गोष्ट : जे पान जोमाने श्वास घेते, त्याच्या आत जास्त ओझोन शिरतो. भराभर वाढणारी, रंध्रे सताड उघडी ठेवणारी झाडे म्हणूनच जास्त घायाळ होतात. अ‍ॅस्पेन हे त्याच प्रकारचे झाड. उत्तर अमेरिकेत याच्याइतके दूरवर पसरलेले दुसरे झाड नाही. पानांचे देठ चपटे असल्यामुळे वाऱ्याच्या अगदी हलक्या झुळुकेनेही आपल्या पिंपळासारखी त्याची सळसळ चालू असते. ते मुळांतून फुटवे काढून पसरते, त्यामुळे एका मुळाच्या वंशावळीची शेकडो खोडे एकाच वाणाची असतात. प्रयोगात अशा पाच वाणांची रोपे मुद्दाम निवडली होती. त्यांपैकी २५९ क्रमांकाचा वाण ओझोनपुढे नाजूक, तर २१६ आणि २७१ हे चिवट म्हणून आधीच माहीत होते.

पहिल्या काही वर्षांचे निकाल अपेक्षेप्रमाणे स्वच्छ आले. जादा कार्बन डायऑक्साइडच्या वर्तुळांत अ‍ॅस्पेन आणि बर्च जोमाने वाढले. ओझोनच्या वर्तुळांत वाढ खुंटली. आणि जिथे दोन्ही होते, तिथली झाडे साध्या हवेतल्या झाडांच्या आसपास राहिली. ओझोन त्या वर्तुळांत भोवतालच्या हवेच्या फक्त दीडपट होता, म्हणजे औद्योगिक प्रदेशांच्या वाऱ्याखाली सहज आढळेल इतका. पाने दवाने भिजलेली असताना किंवा गारठ्याच्या दिवशी तो सोडलाच जात नव्हता, कारण निसर्गातही अशा वेळी तो चढत नाही. एवढ्या बेताच्या मात्रेने कार्बन डायऑक्साइडचा सगळा फायदा गिळला.

इथे कुणी विचारेल की जादा कार्बन डायऑक्साइडने रंध्रे मिटतात, तर मग ओझोनही कमी शिरायला हवा. तर्क बरोबर आहे आणि काही जातींत तसे घडतेही. पण दीर्घकाळ ओझोन खाल्लेल्या पानांत रक्षकपेशींचा ताबाच ढिला पडतो. रंध्रे मिटायच्या वेळी पुरती मिटत नाहीत आणि उघडायच्या वेळी वेळेवर उघडत नाहीत. त्यामुळे पाणीबचतीचा हिशेबही बिघडतो. दुष्काळी वर्षात अशा झाडाचे काय होत असेल, हे सांगायला नको.

छप्पर नसण्याचा खरा लाभ किडींच्या बाबतीत झाला. कार्नोस्की आणि केविन पर्सी यांच्या गटाने २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलेली निरीक्षणे शेतकऱ्याला लगेच कळतील. ओझोनच्या वर्तुळांत अ‍ॅस्पेनच्या पानांवर तांबेरा कित्येक पटींनी वाढला, कारण पानावरचा मेणाचा थर बदलला आणि बुरशीला पाय रोवायला जागा मिळाली. मावा वाढला आणि माव्याला खाणारे शत्रुकीटक घटले. पाने फस्त करणारे सुरवंट ओझोनने बदललेल्या पानांवर अधिक गलेलठ्ठ झाले. बंद काचघरात मोजलेल्या प्रकाशसंश्लेषणाच्या आकड्यांत यातले काहीही सापडले नसते.

मग मातीचे काय? जंगलाने कार्बन ‘साठवला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यातला मोठा वाटा खोडात नसतो, जमिनीखाली असतो. पाने गळतात, बारीक मुळे मरतात, जंतू आणि बुरशी ती कुजवतात आणि थोडा भाग मातीत दीर्घकाळ टिकतो. वेंडी लोया आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत दिसले की पहिल्या चार वर्षांत, दोन्ही वायू असलेल्या वर्तुळांत मातीत तयार झालेला नवा कार्बन, केवळ कार्बन डायऑक्साइडच्या वर्तुळांपेक्षा जवळजवळ निम्मा होता. वर झाडे साधारण बरी दिसत होती, खाली बचत अर्ध्यावर आली होती. जंगलाकडून कार्बनची वजाबाकी करून घेण्याच्या ज्या योजना कागदावर मांडल्या जातात, त्यांनी हा आकडा समोर ठेवूनच पुढे जावे असे मला वाटते.

पण प्रयोग चार वर्षांत थांबला असता तर आपण चुकीचा धडा घेतला असता. पुढच्या वर्षांत चित्र पालटले. डोनाल्ड झॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बारा वर्षांचा ताळेबंद मांडला. जादा कार्बन डायऑक्साइडखाली जंगलाची एकूण वाढ २६ टक्क्यांनी जास्त राहिली. मुळांनी जमिनीतला नायट्रोजन अधिक ओढून घेतल्यामुळे फायदा टिकला. आणि ओझोनच्या वर्तुळांतली एकूण वाढ साध्या हवेच्या बरोबरीला आली. ओझोन निरुपद्रवी झाला होता का? मुळीच नाही. नाजूक वाण मागे पडले, मेले, त्यांच्या जागी ऊन आणि पाणी मिळालेले चिवट वाण आणि चिवट जाती पसरल्या. टनांचा आकडा सावरला, पण तो भरणारी झाडे बदलली होती. उपग्रहातून पाहिले तर तेवढेच हिरवे. आतून मात्र वंशवैविध्य झिजलेले; आणि उद्या नवा रोग आला तर त्याला तोंड देणारा गुण कदाचित त्या गेलेल्या वाणातच होता. या साऱ्या प्रयोगातून मी एकच निष्कर्ष उचलायचा ठरवला तर तो हा उचलेन : जंगलाची सरासरी पाहून झाडांची खुशाली कळत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा फायदादेखील सगळीकडे विस्कॉन्सिनसारखा टिकत नाही. टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे स्वीटगम झाडांवरच्या अशाच प्रयोगात सुरुवातीचा सुमारे २४ टक्क्यांचा लाभ २००८पर्यंत ९ टक्क्यांवर उतरला, कारण मातीतला नायट्रोजन पुरेना. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेला प्रौढ निलगिरींच्या रानात हाच प्रयोग चालतो. २०२० मध्ये तिथला हिशेब आला : झाडांनी सुमारे १२ टक्के जास्त कार्बन आत घेतला, पण खोडे जाड झाली नाहीत. जादा साखर मुळांवाटे मातीत गेली आणि जंतूंनी ती खाऊन बहुतेक कार्बन पुन्हा हवेत सोडला. त्या मातीत फॉस्फरस फार कमी आहे. उलट इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात सुमारे १८० वर्षांच्या ओक वृक्षांनी २०२४ मध्ये आलेल्या निकालात जवळपास १० टक्के जास्त वाढ दाखवली. तेव्हा ‘झाडांना कार्बन मिळाला’ हे वाक्य मातीचे नाव घेतल्याशिवाय पुरे होत नाही. कोकणातली जांभ्याची जमीन फॉस्फरस धरून ठेवते आणि मुळांना सहजी देत नाही. त्यामुळे आपल्याला इंग्लंडच्या ओकपेक्षा सिडनीचा निकाल जास्त जवळचा वाटायला हवा.

ओझोनच्या बाबतीतही आकडा वाचायची रीत बदलली आहे. युरोपात पूर्वी हवेच्या दर अब्ज भागांत ओझोनचे ४० भाग ही मर्यादा ठेवून, त्यावर किती तास किती ओझोन चढला याची बेरीज करत. त्या हिशेबाने भूमध्य समुद्राकाठची राने सर्वांत घायाळ असायला हवी होती, कारण उन्हाळ्यात तिथे ओझोन चढतो. प्रत्यक्षात कोरड्या उन्हाळ्यात तिथली झाडे रंध्रे मिटून बसतात आणि बराच ओझोन बाहेरच राहतो. याउलट उत्तरेच्या ओलसर रानांत ओझोन कमी, पण रंध्रे उघडी. म्हणून आता रंध्रातून प्रत्यक्ष किती ओझोन आत गेला याचे गणित मांडले जाते.

हे गणित सह्याद्रीला लावून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे ओझोन उन्हाळ्यात, साधारण मार्च ते मे, चढलेला असतो. पावसाळ्यात ढग, सरी आणि समुद्रावरची हवा त्याला खाली आणतात. पाऊस ओसरला की तो पुन्हा चढू लागतो. चढत्या ओझोनच्या उन्हाळ्यात साग निष्पर्ण उभा असतो, रंध्रेच नाहीत तर विष शिरणार कुठून? पण ऑक्टोबरमध्ये त्याच सागावर भरगच्च पाने असतात, जमिनीत ओल असते, ऊन स्वच्छ असते आणि रंध्रे उघडी असतात. महाबळेश्वरच्या माथ्यावरची जांभूळ, अंजन, पिसा ही सदाहरित मंडळी तर उन्हाळाभर पानांसकट असतात. तेव्हा पानगळीच्या रानासाठी हिवाळ्याच्या तोंडचे महिने आणि सदाहरित रानासाठी उन्हाळा, अशी दोन वेगळी पंचांगे ठेवून मोजणी करावी लागेल.

आपली मोजणी तशी मांडलेली नाही. २००९च्या राष्ट्रीय मानकांत ओझोनसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम आहे. पण २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची उद्दिष्टे धूलिकणांची आहेत, आणि हवेची मोजणी केंद्रे प्रामुख्याने शहरांत आहेत, जिथे वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड ओझोनचा आकडा दाबून ठेवतो.

ओझोनवर उपाय करण्यात एक मोठा दिलासा आहे. आज सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहील. ओझोनचा रेणू काही आठवड्यांत नाहीसा होतो. वाहनांचा आणि वीजकेंद्रांचा नायट्रोजन ऑक्साइड आटोक्यात आला तर त्याचा लाभ पुढच्याच पालवीला मिळतो. लॉस एंजेलिसमधले ओझोनचे उच्चांक १९७०च्या दशकाच्या मानाने पुष्कळ खाली आले, वाहने वाढत असतानाही. आणि सुरुवात करायला महागडी यंत्रेच हवीत असेही नाही. बेल-डब्ल्यू ३ नावाचे तंबाखूचे वाण ओझोनपुढे इतके नाजूक आहे की जगात अनेक ठिकाणी त्याच्या कुंड्या बाहेर ठेवून पानांवरच्या डागांवरून हवेची परीक्षा करतात. घाटमाथ्याजवळच्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी अशा कुंड्या शहराच्या हद्दीपासून रानाच्या आतपर्यंत एका ओळीत मांडल्या आणि ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला डागांची नोंद ठेवली, तर शहराचा ओझोन आपल्या जंगलात कुठवर पोहोचतो याचा पहिला नकाशा विद्यार्थ्यांच्याच हातून काढता येईल.